परतीचे छिद्र

दि. २ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचे पत्र मिळाले. गुडघा बरा होईपर्यंत जिना मोजूनमापून चढता, आणि कोणत्या पायरीवर कळ आली ते पाठही करता, हे वाचून आईच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी हसू दिसले. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून मोठे पत्र लिहीत आहे.

दादाची मोटरसायकल परवा पोलिसांच्या आवारातून घरी आली. टेम्पोतून उतरवताना चौघांना ती उचलून ठेवावी लागली, कारण पुढचे चाक तसूभरही फिरत नाही. अकरा महिने ती उघड्यावर उभी होती. आता ती मागच्या अंगणात आहे, आणि आईने मागचे दार लावून घेतले आहे.

तुम्हाला सगळे ठाऊक आहे, तरी एकदा ओळीने लिहिते, म्हणजे माझेच मन ताळ्यावर येईल. गेल्या १९ मार्चला दादा विजेच्या मीटरांची नोंद संपवून टाकीच्या उताराने घरी येत होता. मागून येणाऱ्या दूधगाडीच्या चालकाने पुढच्या चाकातून धूर निघताना पाहिला, आणि मग ते चाक एकदम थांबले. दादा हँडलवरून पुढे फेकला गेला. त्याआधी तीनच आठवडे कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने पुढच्या ब्रेकचे पॅड बदलले होते. आईने त्याच्या दुकानासमोर उभे राहून, साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असे सांगितले, की याने माझा मुलगा मारला. त्या दिवसापासून त्याच्याकडे कोणी गाडी नेत नाही. शटर अर्धे वर असते आणि तो आत नुसता बसलेला असतो.

वकिलांनी त्याच्यावर निष्काळजीपणाची फिर्याद तयार केली आहे. गाडी माझ्या नावावर, म्हणून सही माझी हवी, आणि ती महिनाअखेरपर्यंत हवी. त्याला तुरुंगात जावे लागेल असे वकील म्हणतात. पोलिसांच्या अहवालात ‘पुढचा ब्रेक जाम’ एवढेच आहे. का जाम, हे कोणीही उघडून पाहिलेले नाही. ते पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही.

तुम्ही तीस वर्षे तंत्रशाळेत हेच शिकवलेत. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवते, तिळाएवढे स्क्रू रोज हाताळते, तेव्हा हात थरथरणार नाही. मला शिकवा. फक्त चाकाच्या शोधापासून सुरुवात करू नका. चहा कसा करायचा असे विचारले तरी मामा आधी ज्योतीचे प्रकार सांगतात, असे दादा म्हणायचा.

तुमचा आशीर्वाद पाठीशी असू द्या.
तुमची,
भिंगरी


दि. ६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चाकाच्या शोधापासून सुरुवात करत नाही. पण ब्रेकच्या पोटात काय चालते ते तुला आधी कळायलाच हवे, नाहीतर पाना फिरेल आणि काय पाहिले ते तुझे तुलाच उमगणार नाही.

ब्रेकची मूठ दाबली की हँडलवरच्या डबीखालचा मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइल नळीतून खाली ढकलतो. खाली चाकाच्या चकतीला दोन्ही बाजूंनी धरून कॅलिपर बसलेले असते. तो चिमटा आहे असे समज. त्यातले दोन पिस्टन पुढे सरकतात, पॅड चकतीवर दाबले जातात, चाक थांबते. इथवर कोणीही सांगेल. खरी गंमत पुढे आहे. मूठ सोडल्यावर पिस्टनना मागे कोण आणते? तिथे स्प्रिंग नाही. पिस्टनभोवती एक रबरी कडी असते. पिस्टन पुढे जाताना ती किंचित पिळली जाते, आणि दाब सरला की सरळ होता होता पिस्टनला केसाच्या जाडीएवढे मागे घेते. त्या एका केसावर चाक मोकळे फिरते. हे मी फळ्यावर काढायचो तेव्हा मागच्या बाकावरची पेंगणारी मुलेसुद्धा डोळे उघडायची.

आता ब्रेक अडकतो तो दोन तऱ्हांनी, आणि तुझे सारे काम या दोहोंतला फरक ओळखण्याचे आहे. एक, गंजाने. अकरा महिने पाणी खाल्लेल्या गाडीत तो असणारच. पण तो अपघातानंतरचा आहे, त्याचा दोष कोणावर नाही. दुसरा, आत दाब कोंडून. तो अपघाताआधीचा असू शकतो. एकावर दुसरा चढलेला असेल, तर आधी वरचा अलगद काढायचा आणि खालच्याला धक्का लावायचा नाही. म्हणून हातोडी घरातच ठेव.

गाडी मधल्या स्टँडवर घे, इंजिनाखाली विटा रचून पुढचे चाक अधांतरी कर. कॅलिपरच्या सगळ्या पेचांवर गंज सोडवणारा फवारा मार आणि चोवीस तास हात लावू नकोस. घाई ही या कामातली सर्वांत महाग गोष्ट आहे. कॅलिपरच्या डोक्यावर हवा काढायचा बारीक निपल असतो. त्याच्यावर पारदर्शक नळी चढव, दुसरे टोक काचेच्या स्वच्छ बाटलीत सोड. रिंग पाना लाव आणि आधी तो निपल केसभर घट्ट कर, मगच सैल कर. गंजलेला पेच सरळ सैल करायला गेलीस तर मान मोडते. मूठ दाबू नकोस. जे बाहेर येईल ते कसे आले ते पाहा, आणि मग चाक हाताने फिरवून पाहा.

त्यानंतर कॅलिपर उतरव. ते ज्या दोन पिनांवर डावीउजवीकडे सरकते त्या बाहेर काढून तपास. निष्काळजी माणूस तिथे ग्रीस लावायचे हमखास विसरतो. प्रत्येक पायरीचे छायाचित्र काढ. आणि मला तुझे अनुमान कळवू नकोस, दिसले तेवढेच कळव.

ताईला सांभाळ. लोभ आहे तसाच राहावा.
तुझा,
मामा


दि. ११ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

सांगितल्या क्रमाने केले. फवाऱ्यानंतर एक दिवस थांबायचे होते, मी दोन दिवस थांबले. दुसऱ्या दिवशी दुकानातून सुटका झाली नाही हे त्याचे खरे कारण, तरी शाबासकी दिलीत तर घेईन.

निपल आधी घट्ट, मग सैल. पहिल्या पाव फेऱ्यातच ब्रेक ऑइल नळीतून जोरात बाटलीत उडाले. मुठीला कोणी हात लावलेला नव्हता. दोन-तीन क्षणांत जोर ओसरला आणि मग थेंब थेंब येत राहिले. चाक फिरवून पाहिले तर ते कुरकुरत चतुर्थांश फिरले आणि परत अडले. अकरा महिने तो दाब आत तसाच धरून बसला होता, एवढेच डोक्यात येत होते. हे अनुमान नाही, म्हणून लिहिले.

कॅलिपर सुटायला सबंध संध्याकाळ लागली. पिनांच्या बाहेरच्या टोकांवर जाड गंज आहे. पण रबरी टोपी सरकवून पिन ओढली, तर आत स्वच्छ, मऊ ग्रीस निघाले, दोन्हींवर सारखे. पॅड नवे आहेत, उलटसुलट बसवलेले नाहीत, पिना वाकड्या नाहीत. मात्र पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत आणि काळा पडला आहे, आणि चकतीवर निळसर पट्टा आहे. पिस्टन दोन्ही बाहेर आलेल्या अवस्थेत रुतले आहेत. अंगठ्याने ढकलून हलत नाहीत.

आईने आज विचारले की मागे काय खुडबुड चालते. मी खरे सांगितले. ती म्हणाली, करायचे ते कर, पण सही चुकवायला निमित्त शोधत असशील तर माझ्याशी बोलू नकोस. मग जेवताना तिने माझे हात पाहिले, आणि उठून साबणाची वडी माझ्या ताटाशेजारी आणून ठेवली.

मायेचा हात असाच राहू द्या.
तुमची,
भिंगरी


दि. १४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मी तीनदा वाचले आणि चौथ्यांदा उभा राहून मोठ्याने वाचले. अशी नोंद करणारा विद्यार्थी मला तीस वर्षांत तीन-चारदाच मिळाला. निळी चकती आणि काचेसारखे पॅड म्हणजे ब्रेक सतत घासत राहून लालबुंद तापला होता. मूठ न दाबता उडालेले ऑइल म्हणजे दाब वरून कोंडला होता. दूधगाडीवाल्याने पाहिलेला धूर इथे बरोबर येऊन जुळतो.

आता कोंडला तो का? मास्टर सिलिंडरमध्ये, डबीच्या तळाशी, सुईच्या टोकाएवढे एक छिद्र असते. त्याला आम्ही परतीचे छिद्र म्हणतो. मूठ सोडली की जास्तीचे ऑइल त्यातून पुन्हा डबीत चढते. सगळ्या यंत्रात मला याच्याइतके आवडते दुसरे काही नाही; जे दिले ते परत घ्यायची सोय ज्याने सुचवली, तो माणूस शहाणा. हे छिद्र बुजले की दाब मागे जात नाही. ब्रेक थोडा घासतो, घासून तापतो, तापून आतले ऑइल फुगते, फुगून आणखी घासतो. शेवटी चाक थांबते.

ते बुजते एक तर मळाने, नाहीतर शेजारची, ऑइल ढकलणारी रबरी वाटी फुगून त्याच्यावर आल्याने. रबर फुगते ते एकाच कारणाने. ब्रेक ऑइल हे नावापुरते ऑइल आहे, ते तेल नव्हे. आतल्या रबराला तेवढे तेच मानवते. कोणी डबीत साधे यंत्राचे तेल ओतले, तर तीन-चार आठवड्यांत वाटी सुजते. याची परीक्षा घरच्या घरी होते. वरच्या डबीतून ड्रॉपरने नमुना काढ, काचेच्या बाटलीत तेवढ्याच पाण्यात घालून हलव, आणि दहा मिनिटे थांब. ब्रेक ऑइल पाण्यात पुरते मिसळते. तेल वर तरंगते. मग मास्टर सिलिंडर उघडून ती वाटी पाहा. तुझ्याकडे भिंग आहेच.

रुतलेले पिस्टन पकडीने ओढू नकोस, ओरखडा पडला की ते फुकट गेले. नळी काढून त्या भोकात ग्रीस गनचे टोक बसव. दोन पिस्टनच्या समोर लाकडाचा ठोकळा ठेव, बोटे दूर ठेव, आणि हळूहळू ग्रीस भर. कितीही रुतलेला पिस्टन त्या दाबापुढे येतोच. एक आधी आला तर त्याला ठोकळ्याने थोपव आणि दुसऱ्याची वाट पाहा.

आणि ऐक. थर वेगळे झाले, तर निःशंक मनाने सही कर. पिनांना ग्रीस लावले एवढ्याने तो माणूस सुटत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने शाळेच्या गाडीत हीच चूक केली होती. त्याचे वडील दोन दिवस माझ्या दारात येऊन उभे राहिले, तरी मी त्याला परीक्षेला बसू दिले नाही. ज्याच्या हातात दुसऱ्याचा ब्रेक आहे, त्याला चुकायची मुभा नाही. तू मवाळ पडशील ही भीती वाटते म्हणून स्पष्ट लिहिले.

आहे तो जिव्हाळा वाढत राहो.
तुझा,
मामा


दि. १९ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

दिसले तेवढेच लिहिते.

डबीतून काढलेला नमुना पाण्यात हलवला. दहा मिनिटांनी दोन थर झाले. खाली गढूळ पाणी, वर बोटभर पिवळसर, चिकट तेल. मास्टर सिलिंडरमधली वाटी भिंगाखाली धरली. पाण्यात फार वेळ राहिलेल्या बोटाच्या पेरासारखी ती सुजून सुरकुतली आहे, आणि तिची कड बरोबर त्या छिद्रावर आलेली आहे. छिद्रात मळ नाही. सुईचे टोक घातले तर आरपार जाते.

ग्रीस गन आपल्या रस्त्यावर एकाच माणसाकडे आहे. मी गेले. तो अर्ध्या शटरखाली स्टुलावर बसून होता. मला पाहून उठला, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला की आईंना सांगून आलात का. मी कशासाठी हवी ते सांगितले. त्याने कपाटातून गन काढली, टोक बदलून दिले, ते नळीच्या भोकात कसे बसते ते दाखवले, आणि बोटे मध्ये घालू नका असे तुमच्याच शब्दांत सांगितले. पिस्टन दुसऱ्या दिवशी निघाले, एकापाठोपाठ एक. त्यांच्या बाहेरच्या अंगावर गंजाची कडी आहे, आत ते चांगले आहेत.

गन परत द्यायला गेले तेव्हा मी त्याला डबीबद्दल विचारले. तो म्हणाला, की पॅड घालताना झाकण उघडले तेव्हा वर वेगळाच तवंग दिसला होता. त्याने दादाला म्हटले, हे सगळे काढून नवे भरू या, अर्ध्या तासाचे काम आहे. दादा हसला आणि म्हणाला, की ते मागच्याच आठवड्यात आमच्या मामांनी स्वतः भरले आहे. मामांच्या हातच्या कामाला आमच्या घरात कोणी हात लावत नाही, तुम्ही तर मुळीच लावू नका. मग गॅरेजवाल्याने झाकण लावून टाकले. तंत्रशाळेच्या मास्तरांनी भरले म्हणजे आपल्यालाच कळत नसेल, असे त्याला वाटले.

हे पोलिसांना का सांगितले नाही, असे मी विचारले. तो म्हणाला, मला कोणी विचारले नाही. आणि तुमच्या आई रस्त्यात उभ्या होत्या. गेलेल्या माणसाचे बोलणे मी कोणाच्या तोंडावर फेकू.

सही केलेली नाही. अनुमान काढायचे नाही असे तुम्ही सांगितले आहे, म्हणून इथेच थांबते.

तुमची,
भिंगरी


दि. २२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

दोन गोष्टी कर. ताईच्या शिवणयंत्रावरचे झाकण काढून तेल घालायच्या भोकांभोवतीचा रंग पाहा. आणि त्याच्या खणात मी ठेवलेली लहान बाटली असेल, तिच्यातले चमचाभर घेऊन तीच पाण्याची परीक्षा कर. ताईला काही बोलू नकोस. उत्तर लगेच पाठव.

मामा


दि. २५ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही आयुष्यात पहिल्यांदाच कारण न सांगता काही करायला सांगितलेत, तेव्हाच मला कळले.

यंत्रावरचे झाकण दादा गेल्यापासून उघडले गेले नव्हते. तेलाच्या भोकांभोवतीचा काळा रंग फुगून पापुद्रे सुटले आहेत, बोट फिरवले तर निघून येतो. अंगावरची सोनेरी वेल अर्धी गळून गेली आहे. खणातल्या बाटलीच्या टोपणावर तुमच्या अक्षरात ‘शिवणयंत्र’ असे आहे. चमचाभर पाण्यात घालून हलवले. दहा मिनिटे थांबले, मग अर्धा तास थांबले. थर झाला नाही. सगळे पुरते मिसळले आहे.

म्हणजे यंत्रात ब्रेक ऑइल गेले, आणि ब्रेकमध्ये यंत्राचे तेल.

मामा, ही बाटली मी मोरीत ओतून टाकू शकते. मी सही करणार नाही. वकिलांना सांगेन की सगळे गंजले आहे, काही सिद्ध होत नाही. फिर्याद तिथेच संपेल, आणि हे तुमच्या-माझ्यात राहील. आईने एक माणूस गमावला आहे. तुम्ही तिचे एकुलते भाऊ आहात. गॅरेजवाल्याला तुरुंग चुकेल, तेवढे पुरे नाही का, असे मी दोन दिवस स्वतःला विचारते आहे. रस्त्यावरून जाताना ते अर्धे शटर दिसते आणि प्रश्न परत सुरू होतो.

तुम्ही सांगाल तसे करेन. तुमच्यावरची माझी माया कमी झालेली नाही. ती कशी कमी करायची हे मला माहीतही नाही.

तुमची,
भिंगरी


दि. २८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

बाटली ओतू नकोस. तिचे टोपण मेणाने बंद कर, तारीख लिही, आणि दोन्ही नमुने, वाटी, छायाचित्रे वकिलांकडे दे. सोबत माझा सहीचा जबाब आहे. गॅरेजवाल्यांना वेगळे पत्र आहे, ते उघडेच ठेवले आहे. तू वाचून मग दे. ताईलाही याच टपालाने लिहिले आहे. माझ्या तोंडून सांगायला हवे होते, पण मी तिच्यासमोर उभा राहिलो तर ती आधी माझा गुडघा विचारेल, आणि मग माझ्याने बोलवणार नाही.

चूक कशी झाली ते तुला नीट कळायला हवे. माझ्या कामाच्या पेटीत बाटल्या उभ्या राहतात, आणि वरून फक्त टोपणे दिसतात. म्हणून नावे टोपणांवर लिहायची, असा नियम मी केला. तीस वर्षे पाळला आणि प्रत्येक तुकडीला शिकवला. त्या दिवशी टेबलावर औषधाच्या दोन सारख्या जुन्या बाटल्या होत्या, एकीत यंत्राचे तेल, दुसरीत ब्रेक ऑइल. ताईच्या यंत्राला तेल घालून झाले. गाडीच्या डबीत किती लागेल ते पाहायला मी दुसरीही उघडली. दादा उंबऱ्यावर बसून ऐकत होता, आणि मी त्याला त्या रबरी कडीची गंमत सांगत होतो, ती पिस्टनला केसभर मागे कशी घेते ते. दोन्ही टोपणे माझ्या हातात होती. बोलता बोलता लावली. मग वाचून उचलली ती ‘ब्रेक’ लिहिलेली बाटली, आणि डबी काठोकाठ भरली. दुसरी यंत्राच्या खणात ठेवली; ताईने पुढे तिच्यातलेच यंत्रात घातले असणार, आणि ब्रेक ऑइल रंग खाते. बोटाला थेंब लावून चोळला असता तरी चिकटपणा कळला असता. पण टोपण वाचल्यावर मी कधी बोट लावत नाही. नाव बाटलीच्या अंगावर असते तर टोपण कुठेही गेले तरी काही बिघडले नसते. हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही सुचले असते. मला कोणी सुचवले नाही, कारण माझ्या हातच्या कामाला कोणी हात लावत नसे.

मी आधीच्या एका पत्रात ज्या मुलाबद्दल अभिमानाने लिहिले, त्याने नंतर हे क्षेत्रच सोडले. त्याचा पत्ता शोधतो आहे. बाकीच्या जुन्या विद्यार्थ्यांना लिहायला घेतले आहे, की टोपणांवरची नावे पुसा आणि बाटल्यांवर लिहा. सत्तावीस पत्रे गेली. ज्यांचे पत्ते नाहीत त्यांची यादी वेगळी केली आहे.

फिर्याद करायची असेल तर माझ्यावर करा. मी वकील देणार नाही. १९ तारखेला वर्ष होते. ताई येऊ देईल तर त्या दिवशी येईन.

तू जे केलेस ते बरोबर, क्रमाने आणि स्वच्छ केलेस. याहून जास्त काही मागायचा अधिकार मला राहिलेला नाही.

मामा


दि. ९ मार्च

चि. भाऊ यास,
अनेक आशीर्वाद.

हात सवयीनं लिहून गेला, म्हणून राहू दिलं.

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा दुसऱ्या कोणाच्या घरातलं लिहितोयस असं वाटलं. दुसऱ्यांदा भिंगरीनं वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा मी मागचं दार उघडून त्या गाडीशेजारी बसून वाचलं. तिनं सगळे भाग जुन्या चादरीवर ओळीनं मांडून ठेवलेत, तू मांडायचास तसे.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवर गेले. गेल्या वर्षी रस्त्यात उभी राहून ओरडले होते, म्हणून आताही रस्त्यातच उभी राहिले. म्हटलं, यांचा दोष नव्हता, दोष माझ्या भावाचा होता. पण आवाज गेल्या वर्षीसारखा निघाला नाही. चहावाल्यानं तेवढं ऐकलं आणि मान फिरवली. वाईट बोललेलं दहा गल्ल्या जातं, हे मात्र समोरच्या पायरीवरच पडून राहिलं. म्हणून मी आता रोज सकाळी घरून खुर्ची घेऊन जाते आणि त्यांच्या दुकानाच्या दारात बसते. शटर पूर्ण वर करायला लावते. जाणारे-येणारे थबकतात, विचारतात, मी सांगते. पहिले दोन दिवस त्यांनी मला, बाई, घरी जा, लाज वाटते, असं म्हटलं. मी म्हटलं, वाटू दे, मलाही वाटते. तिसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची उन्हातून सावलीत सरकवून दिली.

भिंगरीनं फिर्याद फाडली. तुझ्यावर करायची का, असं वकिलांनी विचारलं, तेव्हा ती माझ्याकडे बघायला लागली. मी नाही म्हटलं. माफ केलं म्हणून नव्हे. तू कोर्टात उभा राहशील आणि सगळं पहिल्यापासून, नीट, एकेक पायरी करून समजावून सांगशील. ते मला ऐकवणार नाही.

परवा गॅरेजवाल्यांकडे वर्षातली पहिली गाडी आली. मागचा ब्रेक अडकलेला. त्यांनी खोलला आणि बराच वेळ पाहत बसले, आणि मग मला म्हणाले की तुमच्या भावाला एक विचारायचं होतं. मी म्हटलं, मी विचारणार नाही, तुमचं तुम्ही लिहा. पत्ता दिला आहे. त्यांचं पत्र येईल. त्याला उत्तर दे. अर्धवट देऊ नकोस, लाजून दोन ओळींत संपवू नकोस, तू देतोस तसं पूर्ण दे. त्या गाडीवर कोणीतरी बसणार आहे.

१९ तारखेला येऊ नकोस. मलाही एवढ्यात लिहू नकोस. मी बोलावीन, कधी ते मला माहीत नाही.

लोभ आहे. तो मागू नकोस.

ताई